काचेवरचा हात

टीव्हीवरच्या अंतराळयानाच्या मालिकेच्या कालच्या भागात यानाचं दार बाहेरून कुणी उघडलं, यावर कळंबच्या चहाच्या टपरीवर आमचा वाद पेटला होता. अवसरीत आमच्याकडे नेमकी शेवटी लाईट गेल्यामुळे मी ते पाहिलंच नव्हतं. पण गप्प बसेन तर शपथ. ठोकून दिलं, "दार उघडायच्या आधी काचेवर एक हात दिसतो." सगळे माझ्याकडे बघायला लागले. पिंपळवंडीचा मित्र म्हणाला, घरी जाऊन परत बघतो.

रात्रभर मला चैन पडलं नाही. दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं ठरवूनच गेलो. पण माझ्याआधी तोच सगळ्यांना म्हणाला, "ह्याचं बरोबर व्हतं राव. मलाबी दिसला हात. डावा व्हता."

आता मी खरं बोललो असतो, तर खोटा तो पडला असता.