ठेका नको म्हणणारे दानिएलभाऊ

धामणखेड्याच्या शाळेसमोरची हापशी एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात बंद पडली. दांडा वरखाली व्हायचा, पाणी मात्र यायचं नाही. मी तेव्हा त्या शाळेवर शिक्षक होतो. सरपंच सीताबाईंनी त्याच दिवशी तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला, तरी नऊ दिवस कोणी आलं नाही. त्यात कोणाचा आळस नव्हता. कचेरीकडे दुरुस्तीची गाडी एक, मेकॅनिक एक आणि गावं साठाच्या वर. तोवर बाया लांबच्या शेतातल्या विहिरीवरून पाणी आणत होत्या आणि मुलांच्या बाटल्या अकरा वाजताच रिकाम्या होत होत्या.

दहाव्या दिवशी सिंदी रेल्वे या गावाहून दानिएल बोरकर आले. पन्नाशी ओलांडलेला, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. अठरा वर्षं कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. ती बंद पडल्यावर त्यांनी जुनी अवजारं मोटारसायकलला बांधली आणि गावोगाव हापश्या दुरुस्त करायला लागले. मजुरी आधी सांगायची, घ्यायची मात्र पाणी आल्यावर. वर्षाच्या आत तोच बिघाड झाला तर काम फुकट.

गावातले चार गडी मदतीला घेऊन त्यांनी एकेक पाइप वर काढला. खाली वायसर झिजून गेलं होतं. दुपारी तीन वाजता हापशीला पाणी आलं, तेव्हा सगळी शाळा बाहेर धावली. दानिएलभाऊंनी पहिली ओंजळ जमिनीवर सोडली, दुसरी तोंडावर मारली आणि डोळे मिटून क्षणभर ओठ हलवले. ते ख्रिस्ती आहेत हे मला तेव्हा कळलं.

महिनाभरात आसपासची अकरा गावं त्यांना बोलवायला लागली. आणि मग तालुक्याच्या कचेरीतून दानिएलभाऊंना नोटीस आली. शासकीय मालमत्तेत विनापरवाना हस्तक्षेप केल्याबद्दल खुलासा द्या, असं तीत लिहिलं होतं.

सीताबाई आणि मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो. तिथले इंजिनिअर धनंजय साहेब तरुण होते, वैतागलेले होते, पण माणूस वाईट नव्हता.

"उद्या पाइप बोअरमध्ये पडला तर जबाब मला द्यावा लागेल," ते म्हणाले. "तुम्ही निघून जाल."

"बरोबर हाये साहेब," दानिएलभाऊ म्हणाले. "थे भेव खरं हाये. मी लिहून देतो. पाइप पडला तर माह्या खर्चानं काढीन. पाणी पेवाजोगं हाये का नाई, हे तुमी तपासा. बोअर कुठं मारावं, किती खोल मारावं, हेही तुमचंच. त्याच्यात मी हात घालत नाई."

"मग दुरुस्तीही आमचीच."

"तुमी करा नं! कोन नाई म्हनलं? पन तुमचा मानूस येईवर लेकरं तहानलेली काऊन ठेवाची?" ते पुढे म्हणाले. "साहेब, आमच्या ख्रिस्ती देवळात सरकारसाठी दर रविवारी प्रार्थना होते. मी कर भरतो, कायदा पाळतो. सरकार देवानंच नेमलं, हे मी मानतो. पन त्यानं सरकारले काम नेमून देलं, तसे मलेही हात देले. थे बांधून ठेवाचा हक्क कोनाले नाई."

धनंजय साहेबांनी नोटीस बाजूला सरकवली. मग त्यांनी शिपायाला चहा सांगितला. दोन आठवड्यांनी कचेरीचं पत्र आलं: ग्रामपंचायतींनी किरकोळ दुरुस्ती आपल्या जबाबदारीवर योग्य कारागिराकडून करून घ्यावी.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती.

पत्र आल्यावर अकरा गावांचे सरपंच आमच्या शाळेत जमले. प्रत्येकाला दानिएलभाऊच हवे होते. एकानं सुचवलं की सगळ्या पंचायतींनी सारखा ठराव घ्यावा. पाच वर्षं हापशीला फक्त दानिएल बोरकर हात लावतील, दुसरा कोणी नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सीताबाईंनी मला ठराव लिहायला सांगितला.

मागच्या बाकावर आमच्याच गावची मयुरी थूल बसली होती. पंचविशीची मुलगी. वर्ध्याला आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकून ती नुकतीच गावात परतली होती. तिनं दोन हापश्या दुरुस्तही केल्या होत्या. ठराव ऐकून ती उठली आणि दाराकडे निघाली.

"थांबजो पोरी," दानिएलभाऊ म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मास्तर, थो कागद फाडा."

"अहो, हा तुमच्या फायद्याचा आहे!" सीताबाई म्हणाल्या.

"समजते नं बाई. मले पोट नाई काय? पन मांगच्या महिन्यात याच तोंडानं मी साहेबाले म्हनलं, काम करनाऱ्याले अडवू नका. आता माह्या नावानं या पोरीले अडवता? मले ठेका नको. माहं काम चांगलं वाटलं तर बोलवा, हिचं वाटलं तर हिले बोलवा."

मी कागद फाडला. ठराव झाला नाही. मयुरी दारातच उभी होती. तिनं दानिएलभाऊंना नमस्कार केला नाही की आभार मानले नाहीत. तिचा विश्वास बसला नव्हता, असं मला वाटलं.

घरी त्यांची बायको रीताताई भडकल्या. हे दानिएलभाऊंनीच मला नंतर सांगितलं. "हातातली भाकर कुत्र्याले टाकावी तशी टाकून आला," त्या म्हणाल्या होत्या. "देवानं काय तुमाले एकट्यालेच इमानदारीचं काम सोपवलं?" दोन दिवस त्यांनी अबोला धरला.

आणि त्यांची भीती खोटी नव्हती. मयुरी तरुण, तिचे हात चपळ. फोन केला की तासाभरात हजर. बायांना तिच्याशी बोलणं सोपं जाई. दिवाळीपर्यंत अकरातली सहा गावं तिच्याकडे गेली, त्यात धामणखेडाही.

मी एकदा सिंदीला गेलो असताना दानिएलभाऊंना विचारलं, "पस्तावा होतो का?"

"पस्तावा नाई," ते म्हणाले. "वाईट वाटते. खोटं काऊन बोलू? धामणखेड्याहून फोन येनं बंद झालं, तवा चार दिवस जेवन गोड नाई लागलं. मंग जळलेल्या मोटारी नव्या तारेनं बांधाचं काम शिकून राह्यलो. या वयात नजर ठरत नाई, तरी शिकून राह्यलो." समोर अर्धी गुंडाळलेली तांब्याची तार पडली होती.

फेब्रुवारीत मयुरीच्या हातून एका गावात पाइप धरून ठेवणारा शिकंजा निसटला आणि पाइप बोअरमध्ये गेला. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी सिंदीला फोन केला तेव्हा दानिएलभाऊ रविवारच्या प्रार्थनेला वर्ध्याला निघाले होते. फोन रीताताईंनी घेतला. त्या म्हणाल्या, "येतील दुपारी. आन हे पाय, तू उपाशी काम करू नोको. मी डबा पाठवते दोघाईचा."

दुपारी दानिएलभाऊ पोचले, तरी पाइप वर यायला संध्याकाळ झाली. मयुरी मजुरीतला वाटा देत होती. त्यांनी तो घेतला, फुकट काम त्यांना कधीच पसंत नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा ती त्यांना 'काका' म्हणाली.

या उन्हाळ्यात त्या अकरा गावांतली एकही हापशी दोन दिवसांपेक्षा जास्त बंद राहिली नाही. धनंजय साहेबांच्या कचेरीतला मेकॅनिक आता नवीन बोअरच्या कामावर असतो. दानिएलभाऊंकडे पाच गावं आहेत आणि मोटारींचं काम हळूहळू वाढतं आहे. सहावं गाव परत मिळवायचं असं त्यांच्या मनात आहे. त्यासाठी त्यांनी परवा नवा पाइप रेंच घेतला.