साठातला एक मेल

ओमप्रकाश गावंडेला मी आठ वर्षांत कधी ताठ बसलेला पाहिला नाही. जठारपेठेत त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे आणि आमच्या नर्सिंग कॉलेजचे कॉम्प्युटरही तोच सांभाळतो. सकाळी दहाला माझ्या ग्रंथालयात येतो, खुर्चीत अंग टाकतो आणि म्हणतो, "ताई, थकलो." दिवस नीट सुरू व्हायच्या आत हा माणूस थकतो कसा, म्हणून आधी मी चिडायची. मग कळलं, तोवर त्यानं दोन शाळांचे प्रिंटर आणि एका बँकेचं मशीन उठवून ठेवलेलं असतं.

त्याची एक खोड आहे. फॉर्म भरायला आलेल्याकडे ईमेल नसला, की तो सरळ स्वतःचा टाकतो. "आला मेल तं मी फोन करीन ना," म्हणतो, आणि करतो. कुणाचं हॉलतिकीट, कुणाच्या भरतीची तारीख, सगळं याच्या मेलवर. मी किती वेळा सांगितलं, ओमभाऊ, दुनियेचं ओझं कशाला घेता? तो नुसता मान हलवतो.

आता बहुतेक मुलींच्या फोनवर मेल असतोच. यंदा आमच्या प्रवेशासाठी त्यानं भरलेला असा फॉर्म एकच होता, वर्षालीचा. अकोटच्या पुढच्या खेड्यातली ही माळ्याची पोर. घरी फुलं-भाजी, आणि घरात मिळून एक साधा फोन. दोन वर्षं तिचा नंबर हुकला होता. बापानं यंदा निक्षून सांगितलं होतं, "लागला तं शीक, नायी तं फॉर्म भरनं बंद." हे तिनं दुकानात बसून ओमप्रकाशला सांगितलं, आणि त्यानं ते डोक्यात ठेवलं.

एरवी निवड झालेल्या मुलींना फोन मी करायची. यंदा प्राचार्य मॅडमनी फर्मान काढलं की यादी गोपनीय, फळ्यावर लागणार नाही, कळवायचं ते मेलनेच. जिला मेल जाईल तिनं शनिवारी पाचच्या आत होकार द्यायचा, नाही तर जागा प्रतीक्षा यादीला. पण कॉलेजचे मेल जायचे ते सगळे स्पॅममध्ये. म्हणून बाहेरच्या एका मेल पाठवणाऱ्या कंपनीकडे खातं काढायचं ठरलं, आणि ते काम ओमप्रकाशच्या गळ्यात पडलं.

काम ऐकायला सोपं होतं. पाठवणारे आम्हीच, तोतये नव्हे, असं सांगणाऱ्या दोन लांबलचक ओळी आमच्या वेबसाइटच्या नावाच्या नोंदीत घालायच्या. पण त्या नोंदीचा पासवर्ड अमरावतीला, आमच्या संस्थेच्या ऑफिसात, हेडक्लार्क भगवंतरावांच्या डायरीत. भगवंतराव तो फोनवर सांगत नाहीत. समोर या, म्हणतात. ओमप्रकाश समोर गेला, तर भगवंतराव चिखलदऱ्याला. दुसऱ्यांदा गेला, ओळी घातल्या, तर त्यातली एक अर्धीच बसली. तिसऱ्यांदा गेला तेव्हा एसटी बडनेऱ्याजवळ बंद पडली. त्या दिवशी परत आल्यावर तो "थकलो"सुद्धा म्हणाला नाही, तेव्हा मला काळजी वाटली.

शेवटी कंपनीनं खातं मान्य केलं. मग चाचण्या. चाळीसेक मेल त्यानं स्वतःलाच पाठवून पाहिले. नाव बरोबर येतं का, मराठी अक्षरं फुटतात का, स्पॅममध्ये जातं का. प्रत्येक मेलच्या तळाला एक ओळ ठेवावी लागते, "आपल्याला हे मेल नको असल्यास येथे दाबा." निवडीचा मेल कुणाला नको असेल, देव जाणे, पण नियम तो नियम. ती ओळ चालते का, हे त्यानं दाबून पाहिलं. चालली. "झालं ताई एकदाचं," म्हणाला आणि मला चहा पाजला.

महिन्याभरानं, एका बुधवारी, मॅडमनी स्वतः बटण दाबलं. साठ मेल. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांना सांगत फिरल्या, साठातले एकोणसाठ पोचले म्हणून.

वर्षालीचा फोन बुधवारी आला, गुरुवारी आला, शुक्रवारी आला. दर वेळी ओमप्रकाशनं मेल उघडला, खालपर्यंत पाहिला, स्पॅमही पाहिला. शनिवारी चार वाजता तो माझ्यासमोरच बसला होता. फोन स्पीकरवर होता.

"दादा, आला का?"

"नायी आला व. मी पाहूनच राहिलो."

मग म्हणाली, "मंग मीच कमी पडली असन."

सोमवारी मॅडमनी अहवाल मागितला म्हणून ओमप्रकाशनं कंपनीचं पान उघडलं. न पोचलेला एक मेल कोणता, हे पाहण्याची तसदी तोवर कुणी घेतली नव्हती. मी घेतली नाही, मॅडमनी घेतली नाही, आणि त्याला वाटलं, चुकीचा पत्ता असेल कुणाचा. पत्ता त्याचा स्वतःचा होता. पुढे कारण होतं. या पत्त्यानं मेल नको असं कळवलं आहे, म्हणून पाठवला नाही. खाली तारीख आणि वेळ. आम्ही चहा प्यायला गेलो तो दिवस.

मला आधी राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. ओमप्रकाश उठून मॅडमच्या केबिनमध्ये गेला, सगळं आपल्या डोक्यावर घेतलं आणि पोरीला घ्या म्हणाला. मॅडमनाही वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण प्रतीक्षा यादीतली पहिली मुलगी साडेदहालाच कागदपत्रं आणि गणवेशाचं माप देऊन गेली होती. तिला कोणत्या तोंडानं काढणार?

"ताई, अकोटले येता का? एकट्यानं जायाची हिंमत नायी मायी."

"फोनवर सांगा ना."

"फोनवर चार दिवस खोटंच सांगतलं तिले."

एसटीत मी त्याला बरंच समजावलं. तुम्ही सांगितलं नाही तर तिला कधी कळणारही नाही, म्हटलं. बापानं तर फॉर्म बंदच केला आहे, मग उगीच जखम कशाला उकरायची? तो खिडकीबाहेर पाहत होता. "मीच कमी पडली म्हंते ते पोरगी," एवढंच बोलला.

वर्षाली अंगणात बसून झेंडू निवडत होती. आम्हाला पाहून ओढणी सारखी करत उठली, खुर्ची आणायला निघाली. ओमप्रकाश बसलाच नाही. उभ्या उभ्या त्यानं सगळं सांगितलं, चाचणीचं बटण, थांबलेला मेल, गेलेली जागा. "तुई काईच चूक नायी. मायी हाय," म्हणाला. ती ओरडेल म्हणून मी वाट पाहत होते. मी असते तर ओरडले असते.

"म्हंजे माया नंबर लागला होता?" तिनं विचारलं.

"लागला होता."

"कितवा?"

"एकोणिसावा."

"साठात?"

"व्हय, साठात."

हातातलं फूल तिनं टोपलीत टाकलं. मग घराकडे वळून तिनं हाक मारली, "माय, बाहीर ये व. माया नंबर लागला होता."

आई पिठाच्या हातानं बाहेर आली ती हसतच. ओमप्रकाशला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.