भांडी आणायला गेलो तो दिवस

सामान परत देण्याचा कोर्टाचा हुकूम हातात पडला तशी माझी मामेबहीण म्हणाली, चल, कुंडलला सासरी जाऊन माझी भांडी आणू. नवऱ्यानं मारून हात मोडला तेव्हापासून ती मिरजेला माझ्याकडेच होती आणि कुपवाडला एका कारखान्यात कामाला जात होती. भांडी म्हटल्यावर मी दोन पिशव्या घेतल्या. तिनं टेम्पो ठरवला होता.

सोबत महिला-बालविकास खात्याच्या संरक्षण अधिकारी मॅडम आणि एक हवालदार. नवरा नेमका त्याच दिवशी उसाला पाणी पाजायला गेलेला. मारायला बरा घरात असायचा. सासूबाई एकेक भांडं दात उपटल्यासारखं बाहेर काढत होत्या. एका हंड्यावर तर त्यांनी हक्कच सांगितला. पण आमच्याकडे लग्नातल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरतात. हंड्यावर माझ्या आईचं नाव होतं, आणि सासूबाईंच्या लग्नाला माझ्या आईला कुणी बोलावलं नव्हतं. हे मी जरा मोठ्यानंच सांगितलं. मला राहवत नाही.

झालं, गल्लीतल्या बायका जमल्या. नावं वाचायच्या आणि हसायच्या. कुणी उसनं नेलेलं पातेलं आणून दिलं, कुणी परात. टेम्पो भरला, मॅडमनी सही मागितली. आमची बहीण मात्र अंगणातून हलेना.

"अजून एक ऱ्हायलंय," ती म्हणाली. "मला मारलं ते ह्या अंगणात, समद्यांदेखत. चुकलं म्हणायचं ते बी हितंच म्हणा."

हुकुमात असलं काही नव्हतं. तरी मॅडमनी सहीचा कागद परत फायलीत ठेवला. तेवढ्यासाठी मला त्या फार आवडल्या. सासरे फौजेतून निवृत्त झालेले, झेंडावंदनाला अख्ख्या गावाला दरडावणारे. आता खाटेवर बसून स्वतःची चप्पल न्याहाळत होते. बायकांचं हसणं थांबलं. आता हिचा पाणउतारा होणार असं मला वाटलं. पण ते उठले आणि पुटपुटले, "चुकलं पोरी. त्यो मारत हुता तवा मी हितंच बसलो हुतो."

सासऱ्यांना ती मामा म्हणते.

"आवं मामा, जरा मोठ्यानं," ती म्हणाली. "मी वरडत हुते ते शेवटच्या घरापत्तूर ऐकू जात हुतं."

त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा म्हटलं. शेवटच्या घरातली म्हातारी दारात येऊन उभी राहिली.