चाळणीवाले साहेब आणि तळाचा भुसा

आमचे चाळणीवाले साहेब एकवेळ जेवणाचा डबा विसरायचे, पण पिठाची चाळणी कधी विसरायचे नाहीत. नागपूरच्या कंटेनर डेपोत कस्टम्ससाठी आयात माल तपासणं हे त्यांचं काम. जरीपटक्याहून स्कूटरवर यायचे, पिशवीतून चाळणी डोकावायची आणि गेटवरचा शिपाई हमखास विचारायचा, "साहेब, आज पोळ्या का?"

मी त्यांच्या हाताखाली नवी होते. कारखान्यांच्या बॉयलरसाठी परदेशातून पाइनच्या लाकडाचा भुसा आणि चिप्स, म्हणजे ढलप्या, यायच्या. विदर्भात सागाचा भुसा पडलेला असताना हे कोणाला सुचतं, देव जाणे! जळायला दोन्ही सारखेच, पण जकातीच्या पुस्तकात भुशाचा खाना वेगळा, चिप्सचा वेगळा. मिसळ असेल तर वजनात जे जास्त, त्याचा खाना. मी कागद पाहून मोकळी व्हायची. साहेब मूठभर माल उचलून हुंगत, चाळत, तोलत. मला म्हणत, "काहून वं पोरी, बॉयलरात कागद जाळणार हाये का कारखानावाला? माल पाह्य."

'अंदाजे' हा शब्द तर त्यांना वर्ज्य होता. मी एकदा लिहिला, तर पेन काढून घेतलं. "अंदाज भाजीत मीठ टाकाले ठीक हाये. दुसऱ्याच्या मालावर नाही."

अशा माणसाच्या हातून एका मे महिन्यात चूक झाली. कंटेनरचं दार उघडलं की आतून भट्टीसारखी धग यायची. साहेबांना त्या दिवशी बरं नव्हतं. दाराशी वरवरचा नमुना घेतला, चाळला आणि रिपोर्ट लिहिला: माल चिप्सचा. कागदोपत्री तो भुसा होता. निर्णय देणारा अधिकारी दूरच्या शहरात. तो माल पाहत नाही, आम्ही लिहिलेलं वाचतो. खोटी माहिती दिल्याची नोटीस निघाली.

माल मागवणाऱ्या बाई उमरेडच्या विणकर घरातल्या. माग बंद झाल्यावर त्यांनी सूत रंगवण्याचा कारखाना काढला होता. नोटीस हातात घेऊन आल्या. "साहेब, भुसाच मागवला जी. माह्या बॉयलरात नुसत्या चिप्स चालतच नाही. खोटं काहून बोलू? एकदा लबाड म्हणून नाव लागलं तर बाजारात कोण उभं करन मले?"

साहेबांनी आधी त्यांना चहा दिला आणि चिवड्याचा डबा पुढे केला. बाईंनी वरचेच पोहे घेतले. साहेब डब्यात पाहत राहिले. तळाशी नुसता चुरा होता. ते तसेच उठले. जहाज आणि रेल्वेच्या धक्क्यांनी कंटेनरातही तेच झालं होतं: चिप्स वर, भुसा खाली. कंटेनर पूर्ण रिकामा करवला. तळापर्यंतचा माल तोलला, तर भुसाच जास्त भरला.

साहेब नवा रिपोर्ट लिहायला बसले. पहिल्याच ओळीत लिहिलं, "आधीचा नमुना मी चुकीच्या पद्धतीने घेतला." निवृत्तीला दोन महिने होते. मी घाबरून म्हणाले, "साहेब, नुसतं 'फेरतपासणी केली' एवढं लिहा ना. तुमच्या नावावर कशाला घेता?"

"त्या बाईनं भुसा म्हटलं, भुसाच निघाला. मंग खोटं कोनं लिहिलं? म्या."

बाईंची नोटीस मागे घेतली गेली. साहेबांना मात्र ठपक्याचं पत्र आलं. निरोपाच्या दिवशी मोठे साहेब भाषणात 'निष्कलंक सेवा' म्हणाले, तर हे मध्येच उभे राहिले. "निष्कलंक नाही जी. एक चूक हाये, फाइलीत हाये. काढू नका तिले." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

साहेब गेल्या वर्षी वारले. आता माल मी तपासते आणि हाताखाली नवा माणूस आला की पहिल्या दिवशी ती फाइल वाचायला देते. बहुतेक जण एकच विचारतात, "मॅडम, हे त्यांनी स्वतःहून लिहिलं?"

हो, स्वतःहून. मी शेजारीच उभी होते आणि लिहू नका म्हणत होते.