रिकामी खेप

रिकामा ट्रक भरलेल्यापेक्षा जास्त आपटतो, हे मला काल कळलं. जादा माल पेलावा म्हणून आमच्या जुन्या ट्रकच्या मागच्या स्प्रिंगांना दोन-दोन पाटे मीच वाढवून घेतले होते. काल विटा उतरवून परतताना पहिल्यांदाच ड्रायव्हर दत्तूभाऊंच्या शेजारी बसलो आणि त्या कडक स्प्रिंगांमुळे दर खड्ड्याला सीटवरून उडालो.

“मालक, हा तर चांगला रस्ता,” कमरदुखीचा पट्टा बांधलेले दत्तूभाऊ हसले.

मी टन मोजले, खेपा मोजल्या. पण भरून गेलेली प्रत्येक खेप रिकामी परत येते, हे कधी मोजलंच नाही. तेव्हापासून चैन नाही.

आज गॅरेजमध्ये जादा पाटे काढायला लावले.

“माल कमी बसेल,” मिस्त्री म्हणाला.

“बसू दे.”

दत्तूभाऊ कमरेवर हात ठेवून बघत होते. “बरं केलंत मालक,” ते म्हणाले. “पुढच्या ड्रायव्हरला तरी आराम पडेल.”