प्रोफेसरला कळत नाही

चौकातल्या केस कापायच्या दुकानात खुर्ची एकच होती, आरसा मात्र भिंतभर. गिऱ्हाईक गळ्याभोवती कापड बांधून बसलेलं, मानेशी वस्तरा टेकलेला, अशा वेळी कोण कशाला वाद घालतोय? त्यामुळे ग्रहण का लागतं इथपासून सरकारचं कुठे चुकतं इथपर्यंत दुकानदार सगळं सांगायचा आणि ते सगळ्यांना पटायचं. लोक त्याला प्रोफेसर म्हणायचे. त्यात चेष्टा आहे हे गावभर माहीत होतं, फक्त त्याला सोडून.

घर दुकानाच्या वरच होतं. एकुलती एक मुलगी पाचवीत होती आणि वर्गात तोंड उघडत नव्हती. शाळेने बजावलं होतं, वर्ष संपेपर्यंत पोरगी बोलती झाली नाही तर त्याच वर्गात बसावं लागेल. प्रोफेसरने तिचा अभ्यास हातात घेतला. तो प्रश्न विचारायचा, ती तोंड उघडायची, तेवढ्यात हा उत्तर देऊन मोकळा व्हायचा आणि उत्तर बरोबर आलं म्हणून खूशही व्हायचा. मुलगी आणखी गप्प झाली. बापलेकीचा अभ्यास मात्र जोरात चालला होता.

मग प्रोफेसरची दाढ काढावी लागली. गालात कापसाचा बोळा, बोलायची सोय नाही. मुलगी पुस्तक घेऊन समोर बसली, झाडं अन्न कसं तयार करतात ते वाचलं आणि बापाकडे बघितलं. बाप नुसताच "हं?" म्हणाला. तिला वाटलं, ह्यांना कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा "हं?" तिसऱ्या वेळी तिने पुस्तक मिटलं आणि हातवारे करून अख्खं झाड उभं केलं. स्वयंपाकघरातून बायको ऐकत होती. रात्री अंथरूण घालताना ती एवढंच म्हणाली, "तुमच्या दाढेची जखम जरा उशिरा भरली तर बरं होईल."

जखम भरली, पण प्रोफेसरला कळणं बंद झालं. रोज संध्याकाळी दुकान बंद करून तो वर यायचा, मांडी घालून बसायचा आणि आज काय शिकवलं ते विचारायचा. ती सांगायची. तो डोकं खाजवायचा. नद्या, अपूर्णांक, रक्ताभिसरण, त्याला कशाचाच पत्ता लागायचा नाही. ज्या माणसाला गिऱ्हाइकाची शिंकही स्पष्टीकरण दिल्याशिवाय जाऊ देता येत नसे, त्याला हे किती जड गेलं असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. कधी कधी उत्तर इतकं ओठांवर यायचं, की तो उठून पाणी प्यायचा. मुलगी पास झाली. पुढच्या वर्षी तर ती वर्गात आपणहून हात वर करायला लागली.

एक दिवस तिचे सर केस कापायला आले. बाकावर चार गिऱ्हाइकं होती. सर मोठ्याने आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलले, "मुलीने सांगितलं, तुम्हाला समजायला जरा वेळ लागतो. लाजायचं काही कारण नाही."

कात्री थांबली. प्रोफेसरला सगळं एका दमात सांगून टाकता आलं असतं, आणि उद्या सकाळी ते शाळेत मुलीच्या कानावर गेलं असतं. मग ती कोणाला शिकवणार होती?

"हो सर," तो म्हणाला, "जड जातं थोडं."

त्या दिवसापासून गिऱ्हाइकं त्याला समजावून सांगायला लागली. चुकीचं सांगायची, तेही तोंड वर करून. त्याला वाईट वाटायचं, अगदी मनापासून वाईट वाटायचं. मग तो मशीन चालू करायचा, म्हणजे आवाजात काही ऐकू येत नसे.

मुलगी दहावीत गेली. एका संध्याकाळी तिने प्रकाशाचा धडा सांगितला. आरशात डावं-उजवं उलटं होतं, ती म्हणाली. प्रोफेसरने सवयीने डोकं खाजवलं आणि खाजवता खाजवता हात तिथेच राहिला.

"मग वर-खाली का उलटं होत नाही?" त्याने विचारलं. "गिऱ्हाइकाचं डोकं वरच असतं की."

मुलीने पेन खाली ठेवलं. "बाबा, पुरे आता. सातवीपासून मला माहितीये, तुम्हाला सगळं कळतं."

प्रोफेसर गोंधळला. इतकी वर्षं खोटं बोललेल्या माणसाला खरं कसं बोलायचं ते सुचेना.

"अगं, शपथ. या वेळी खरंच कळलं नाही."

तिने त्याच्याकडे निरखून बघितलं. मग पुस्तकाकडे. "मलाही नाही," ती हळूच म्हणाली. "पाठ केलं होतं मी."

दोघं खाली दुकानात आले. दिवा लावून आरशासमोर उभे राहिले. तिने एक हात वर केला, मग दुसरा. प्रोफेसर बाजूला उभा राहून गप्प होता, आणि पहिल्यांदाच त्याला गप्प राहायला कष्ट पडत नव्हते. बऱ्याच वेळाने ती बोलायला लागली. आधी अडखळत, मग भरभर. आरसा डावं-उजवं बदलतच नाही. हा हात खिडकीकडे आहे, आरशातलाही खिडकीकडेच. माझं डोकं छताकडे, आरशातल्या मुलीचंही छताकडेच. उलटं झालंय ते फक्त पुढचं-मागचं. मी भिंतीकडे बघतेय आणि ती माझ्याकडे. ती वळून उभी राहिली आहे असं आपण धरून चालतो, म्हणून माझा उजवा हात तिचा डावा वाटतो.

"कळलं?" तिने आरशातूनच विचारलं.

कळलं होतं. लख्ख कळलं होतं. इतकी वर्षं या आरशासमोर उभा राहून त्याला जे कळलं नव्हतं, ते त्याच्या मुलीने त्याला सांगितलं होतं.

"नाही," तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसत म्हणाला. "पुन्हा सांग."

ती हसली, आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली.