गुडघ्याची सूज उतरल्यावर

एका सकाळी माझ्या धाकट्या बहिणीला अंथरुणावरून उठता आले नाही. तिचा गुडघा सुजला होता. ती सूज उतरली तसा घोटा सुजला, मग मनगट. वात आहे म्हणून आई मोहाचे तेल कोमट करून चोळायची.

"चोळू नको वं आई, हात लावला तरी दुखून राहिलं," बहीण म्हणायची.

धरमपेठेतल्या डॉक्टरांनी विचारले, "मध्यंतरी घसा दुखला होता का?" दुखला होता, आम्ही विसरलो होतो. ते म्हणाले, घसा बरा होतो, पण त्या जंतूंशी लढताना शरीर कधी स्वतःच्याच सांध्यांना इजा करते, आणि हृदयालाही. म्हणून दुखो न दुखो, दर महिन्याला इंजेक्शन घ्यायचे, पुढची कित्येक वर्षे.

सांधे पूर्ण बरे झाले. बहीण अंगणात दोरीवरच्या उड्या मारू लागली.

"इतकी चांगली खेळून राहिली पोरगी, आता काहून टोचायचं तिले?" आई म्हणाली. इंजेक्शने थांबली.

पुढे पुन्हा घसा दुखला, पुन्हा सांधे सुजले, आणि या वेळी तिला धाप लागू लागली. कॉलेजात जायच्या वयात ती गेली.

नंतर त्या आजाराबद्दल मी मिळेल ते वाचले. आईला त्यातले काही सांगितले नाही. आता घरात आम्ही दोघेच आहोत.